स्तनांतील निरुपद्रवी गाठी : एका बालरोगतज्ज्ञाच्या अनुभवातून

स्तनांच्या विकारांवरील लेख बालरोगतज्ज्ञाने लिहावा, हे काही वाचकांना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. हा प्रांत शल्यविशारदांचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचा, अशी आपली रूढ वाटणी आहे. परंतु बेळगावात सुमारे तीस वर्षे मुलांचा दवाखाना चालविताना माझ्या असे ध्यानात आले, की ‘छातीत गाठ आहे’ ही तक्रार माझ्यासमोर या ना त्या रूपाने सतत येत असते. कधी ती दहा दिवसांच्या बाळाची असते, कधी दीड वर्षाच्या मुलीची, कधी चौथीतल्या मुलीची, तर कधी नववीतल्या मुलाची. आणि पुष्कळदा ती बाळाला घेऊन आलेल्या आईची स्वतःची असते. बाळाचे औषध लिहून झाले, पिशवी आवरून झाली, की दाराशी थबकून ती हलक्या आवाजात म्हणते, “मॅडम, आणखी एक विचारायचं होतं.”

बाळपणातील आणि पौगंडावस्थेतील या गाठींत कर्करोग अत्यंत क्वचित आढळतो. त्यांचे नुकसान होते ते बहुतेक वेळा माणसांच्या हातांनी. कोणी पिळतो, कोणी चोळतो, कोणी घाईने सुरी चालवितो. या लेखाचा सारा रोख त्या हातांकडे आहे, आणि त्यांत माझेही हात आले.

२००१ साली चौदा वर्षांची एक मुलगी खोकल्यासाठी आली होती. छाती तपासताना उजव्या स्तनाग्राखाली एक आडवा, फिकट झालेला व्रण दिसला. डावा स्तन वयानुसार वाढलेला होता. उजवीकडे छाती सपाट होती. आईने पिशवीतून प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेला जुना कागद काढला. १९९६ साली, मुलगी नऊ वर्षांची असताना, ‘उजव्या स्तनातील गाठ’ म्हणून परगावी शस्त्रक्रिया झाली होती. पॅथॉलॉजीच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की वाढत्या वयातील स्तनाची नैसर्गिक पेशीरचना, कर्करोगाची चिन्हे नाहीत. गाठ साधी निघाली म्हणून घरच्यांनी तो अहवाल देवापुढे ठेवून पेढे वाटले होते. जे काढले गेले ती गाठ नव्हतीच; तो त्या मुलीचा स्तनच होता, वाटाण्याएवढा असताना काढलेला.

शस्त्रक्रिया करणारे निष्काळजी होते असे मी म्हणणार नाही. आईच्या माहेरी कोणीतरी स्तनाच्या कर्करोगाने गेले होते, घरात भीतीचे वातावरण होते आणि आई-वडिलांनीच ‘काढून टाका’ असा आग्रह धरला होता. पण त्या दिवसापासून या विषयाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले.

स्तनाची घडण समजून घेतली की पुढील बरेच काही आपोआप उलगडते. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना त्वचेचा एक जाडसर पट्टा तयार होतो. त्याला दुग्धरेषा म्हणतात. तिचा बहुतेक भाग विरून जातो आणि छातीवर तेवढी एक-एक कळी उरते. मुलगा असो वा मुलगी, जन्मतः स्तनाग्रामागे या कळीतील काही थोड्या नलिका असतात. मुलीच्या पुढील आयुष्यातील स्तनाच्या साऱ्या नलिका आणि दुग्धपिंड एवढ्याशा कळीतूनच फुटतात. तिला दुसरा पर्याय शरीरात ठेवलेला नाही. दुग्धरेषेचा अंश काखेत राहून गेला, तर बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काखेत लिंबाएवढी गाठ उठते आणि सर्वांची गाळण उडते. ते चुकल्या जागी राहिलेले स्तनाचेच ऊतक असते. दूध स्थिरावले की ते आपोआप बसते; त्याला पिळू नये, चोळू नये.

आयुष्यभर संप्रेरकांच्या हुकमतीखाली राहणारा, वाढणारा, भरणारा, ओसरणारा असा हा अवयव आहे. त्यामुळे त्यात अधूनमधून गाठी-गुठळ्या, दुखणे, स्राव असे काही ना काही होत राहावे, यात नवल नाही. १९८७ साली वेल्समधील कार्डिफ येथील ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या शल्यविशारदांनी एक मोलाची गोष्ट मांडली. स्तनाच्या बहुतेक सौम्य तक्रारी स्वतंत्र रोग म्हणून न पाहता, वाढीच्या आणि ओसरण्याच्या नैसर्गिक क्रियेतील किरकोळ विचलने म्हणून पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले. पाठ्यपुस्तकांत इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘अँडी’ म्हणतात. त्यांचा विचार प्रौढ स्त्रियांविषयी होता. मला तो पाळण्यातल्या बाळालाही तितकाच लागू वाटतो.

पाळण्यापासूनच आरंभ करू. पूर्ण दिवसांच्या बहुसंख्य बाळांत, मुलगा असो वा मुलगी, स्तनाग्रामागे लहानशी गाठ हाताला लागते. गर्भात वारेतून बाळाला आईचे इस्ट्रोजेन मिळत असते. जन्मानंतर ते एकदम तुटते, बाळाच्या शरीरातील प्रोलॅक्टिनचा प्रभाव दिसू लागतो आणि आठवड्याभरात स्तन फुगतात. काही बाळांत दुधासारखे चार थेंबही येतात. गंमत अशी, की हीच गाठ आम्ही नवजात बाळाचे दिवस ठरविताना मापतो. बॅलार्ड पद्धतीत स्तनाच्या गाठीला गुण आहेत. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती लागत नाही. पाच ते दहा मिलिमीटर असेल तर बाळ दिवस भरून आले असावे असे समजतात. म्हणजे जी खूण बाळाच्या परिपक्वतेची, तिलाच घरात रोग समजून पिळले जाते.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा घरात मोठा मान असतो, आणि तो असावाही. पण तेल लावताना बाळाची छाती दाबून ‘दूध काढण्याची’ रीत अजून पुरती गेलेली नाही. “पिळलं नाही तर गाठ राहतेय की हो मॅडम, माझी सहा पोरं अशीच वाढली,” असे एका आजींनी मला सुनावले होते. यावर मी काय बोलणार? त्यांची सहाही पोरे दणकट होती. परंतु सातव्या बाळाचे काय होते, ते रुग्णालयात दिसते. पिळण्याने स्तनाग्राच्या नाजूक त्वचेला सूक्ष्म इजा होते, त्वचेवरील स्टॅफिलोकोकस जंतू आत शिरतात आणि दुसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास एक बाजू लाल, गरम, टणक होते. पुढे पू धरतो. पिळले नसतानाही असा जंतुसंसर्ग क्वचित होतो, हे खरे. पण पिळणे हे टाळता येण्यासारखे कारण आहे. ताप असेलच असे नाही, म्हणून लाली दिसताच बाळ दाखविले पाहिजे. एवढ्या लहान वयात जंतू रक्तात उतरण्याची भीती असल्याने रुग्णालयात ठेवून शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागते. पू झाला असेल तर आधी सुईने तो ओढून घ्यावा आणि तपासणीस पाठवावा. चीर देणे भागच पडले, तर ती लहान, कळीपासून दूर आणि जाणत्या हाताने दिलेली असावी. मुलीच्या बाबतीत या गळवात कळी नासली, तर त्याचा पत्ता दहा-बारा वर्षांनंतर लागतो.

केवळ आईला सांगून ही रीत थांबत नाही, हे मला उशिरा कळले. बाळंतीण बावीस वर्षांची, तेल लावणाऱ्या बाई साठीच्या. घरात शब्द कोणाचा चालणार? म्हणून आता मी पहिल्या भेटीतच सांगते, “न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पुढच्या वेळी सोबत आणा.” त्या येतात. त्यांना खुर्ची देऊन, बाळ त्यांच्याच मांडीवर ठेवून गाठ दाखविते, आणि ही महिन्या-दोन महिन्यांत, मुलींत कधी सहा महिन्यांपर्यंत, आपसूक जिरते हे सांगते. एकदा त्यांना पटले की त्या पुढच्या दहा घरांत ते सांगतात.

या वयाविषयी माझ्या व्यवसायबंधूंना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. न्यूमोनियानंतर छातीत पू झाला किंवा फुप्फुसाभोवती हवा साठली, तर आपण नळी घालतो. जीव वाचविण्याच्या धांदलीत ती स्तनाग्राच्या अगदी जवळून घातली जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या इवल्याशा छातीवर तर अंतर असे उरतच नाही. त्या व्रणामुळे पुढे वयात आल्यावर स्तन ओढला गेल्याची, वेडावाकडा वाढल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली आहेत. नळी शक्य तितकी बाजूला, काखेच्या रेषेकडे असावी. दुसरी गोष्ट भाजण्याची. बंबातले कढत पाणी किंवा चहा छातीवर सांडलेल्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. वरची त्वचा गेली तरी खालची कळी बहुधा शाबूत असते, म्हणून जळालेली कातडी काढताना स्तनाग्राच्या जागी हात अत्यंत जपून चालवावा. वाढत्या वयात व्रण आकसून स्तन वर येऊ देत नसेल, तर तो व्रण वेळेवर मोकळा करता येतो. कळीच नसेल तर काही करता येत नाही.

दीड-दोन वर्षांच्या मुलीत एका किंवा दोन्ही बाजूंना स्तन किंचित उठून दिसणे हा प्रकारही बराच आढळतो. उंची अवाच्या सवा वाढत नसेल, केस आलेले नसतील, अंगावरून काही गेले नसेल, तर बहुधा काळजीचे कारण नसते. घरात कोणी इस्ट्रोजेनयुक्त मलम वापरते का, मुलीने आईच्या गर्भनिरोधक गोळ्या खाल्ल्या का, हे मात्र आवर्जून विचारावे. उंचीचा तक्ता समोर ठेवून दर तीन-चार महिन्यांनी पाहत राहावे. शंका आली तर डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढावे. हाडांचे वय पुढे गेलेले असेल, किंवा आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू होऊन ती चालूच राहिली, तर संप्रेरकांच्या तपासण्या कराव्यात आणि मुलीला संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवावे. प्रत्येक बालिकेला पहिल्याच दिवशी पाच हजारांच्या तपासण्या लिहून देणे मला पटत नाही.

आता त्या नऊ वर्षांच्या मुलीकडे पुन्हा येऊ, कारण या लेखातील सर्वांत महत्त्वाची गाठ तिचीच. आठ ते तेरा या वयात मुलगी वयात येऊ लागल्याची पहिली खूण म्हणजे स्तनाग्राच्या बरोबर मागे, बटणासारखी चपटी, टणक, दाबल्यास दुखणारी गाठ. ती फार वेळा आधी एकाच बाजूला येते. दुसरी बाजू महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा उठते. मधल्या काळात मुलीचा धक्का लागून जीव कळवळतो, ती पालथी झोपत नाही, आणि एके दिवशी आईच्या हाताला ती गाठ लागते. एकाच बाजूला, टणक आणि दुखरी! घाबरायला आईला आणखी काय हवे? मग आंबेहळद आणि रक्तबोळाचे लेप होतात, कोणी सोनोग्राफी सुचवितो, कोणी सुईची तपासणी, आणि एखादीच्या नशिबी शस्त्रक्रिया येते.

तपासणी सोपी आहे. आईला जवळ उभी करून, मुलीला आधी नीट समजावून आणि तिची संमती घेऊन, बोटांच्या सपाट भागाने गाठ पाहावी. ती स्तनाग्राच्या केंद्राशी असेल, वरची त्वचा निरोगी असेल, रक्तस्राव नसेल, तर निदान तिथेच पूर्ण होते. शंकाच असेल तर सोनोग्राफी पुरेशी आहे. या वयात कळीत सुई घालू नये आणि सुरी तर कदापि लावू नये. केंद्राबाहेरची, झपाट्याने वाढणारी, कातडीला चिकटलेली गाठ, काखेतल्या मोठ्या गाठी, किंवा पूर्वी छातीला किरणोपचार अथवा दुसऱ्या एखाद्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर गोष्ट निराळी. अशी मुलगी तत्काळ योग्य ठिकाणी पाठविली पाहिजे. मी अशा आईला एकच सांगते, की साधारण दोन-अडीच वर्षांनी हिची पाळी सुरू होईल, तोवर तिच्याशी मोकळेपणाने बोलायला लागा. गाठीची भीती बहुधा तिथेच विरते. मुलगी मात्र त्या वेळी भिंतीकडे पाहत असते, म्हणून हे वाक्य मी तिच्या देखत, पण तिला न बुजविता बोलण्याचा प्रयत्न करते. नेहमी जमतेच असे नाही.

मुलांच्या तक्रारीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. तेरा-चौदाच्या वयात निम्म्याहून अधिक मुलांत काही काळ स्तन किंचित वाढतात. पोहायला जायचे टाळणारा, उन्हाळ्यातही शर्टाखाली दोन बनियन घालणारा मुलगा आला की मला अंदाज येतो. लठ्ठपणातील चरबी आणि खरी ग्रंथी यांतला फरक चिमटीत धरून कळतो. ग्रंथी स्तनाग्रामागे रबरी चकतीसारखी लागते. अंडकोष अवश्य तपासावेत. ते वयाच्या मानाने फार लहान आणि टणक असतील तर क्लाइनफेल्टर विकाराचा विचार करावा, एका बाजूला गाठ असेल तर सोनोग्राफी करावी. स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनॅझोल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे चालू आहेत का, आणि अलीकडे व्यायामशाळेत कोणी ‘ताकदीची’ इंजेक्शने दिली आहेत का, हेही विचारावे. बहुतेक मुलांत एक-दोन वर्षांत हे ओसरते. न ओसरल्यास आणि मुलगा मनाने खचत असल्यास शस्त्रक्रियेचा उत्तम पर्याय आहे. हसून वाटेला लावणे, हा उपचार नव्हे.

पंधरा वर्षांनंतरच्या मुलींत आढळणारी सर्वांत सामान्य गाठ फायब्रोॲडिनोमाची. गुळगुळीत, बिनदुखी, बोटाखालून सुळकन निसटणारी. इंग्रजीत तिला स्तनातला उंदीर म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे. येथे, आणि पुढील सर्व वयांत, तिहेरी तपासणीचा नियम लक्षात ठेवावा : हाताने तपासणी, चित्रण, आणि गरज असेल तर पेशींची किंवा ऊतकाच्या तुकड्याची तपासणी. तिन्हींचा निष्कर्ष जुळला की निश्चिंत व्हावे. एखादीचा जुळला नाही तर पुढे शोध घ्यावा. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीचा उपयोग नसतो, सोनोग्राफीच करावी. चाळिशीनंतर मात्र मॅमोग्राफी हवी. सोनोग्राफीच्या अहवालात ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. तीन आकडा पाहून घरे हादरतात. त्याचा अर्थ एवढाच, की गाठ बहुधा निरुपद्रवी आहे, कर्करोगाची शक्यता शंभरात दोनहून अधिक नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. चार किंवा पाच असेल तर ऊतकाचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते.

लहान फायब्रोॲडिनोमा काढण्याची गरज नसते. पुष्कळ गाठी आहेत तेवढ्याच राहतात, काही आक्रसतात. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा भराभर वाढत असेल, तर फायलॉइड्स नावाच्या निराळ्या गाठीची शंका घेऊन ती काढावी. त्या शंकेसाठी बारीक सुईपेक्षा कोअर बायोप्सी अधिक भरवशाची. ‘लग्नाआधी काढून टाकू’ हे कारण मला अनेकदा सांगण्यात येते. गाठीला लग्नाचे मुहूर्त कळत नाहीत, आणि व्रण मात्र सासरी बरोबर जातो, एवढे मी म्हणते. पुढचा निर्णय त्या मुलीचा असावा, तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा नव्हे.

पाळीआधी दोन्ही स्तन जड होऊन दुखणे याला तपासणीनंतरचा दिलासा, योग्य मापाची आधार देणारी ब्रा आणि गरज पडल्यास डायक्लोफिनॅकचे मलम एवढे बहुधा पुरते. प्रिमरोज तेलाच्या गोळ्या आपण सर्वांनी ढिगाने लिहिल्या. अभ्यासांत त्यांचा गुण नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक आढळला नाही. दोन्ही बाजूंच्या अनेक छिद्रांतून येणारा दुधाळ वा हिरवट स्राव सहसा निरुपद्रवी असतो. एकाच छिद्रातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव मात्र शल्यविशारदांना दाखवावा, जरी त्यामागे बहुधा नलिकेतील साधा पॅपिलोमाच निघत असला तरी.

उरली ती आई, आणि येथे मला स्वतःचा हिशेब मांडला पाहिजे. १९९७ साली वीस दिवसांच्या बाळाच्या आईला स्तनात गळू झाले. चीर देऊन पट्टी घातली होती. मी तिला पाजणे पूर्ण थांबवायला सांगितले, दूध आटण्याची गोळीही दिली आणि बाळाला वरचे दूध सुरू केले. दीड महिन्याच्या आत ते बाळ जुलाबांनी सुकून सलाइनवर आले. ते वाचले, पण त्याला त्या अवस्थेस आणणारा सल्ला माझा होता. स्तनदाहात दूध दूषित होऊन बाळाला अपाय होतो, ही समजूत चुकीची आहे. एकाएकी पाजणे थांबविल्याने दाटण वाढते आणि गळू होण्याची शक्यता बळावते. गळू झाले तरी आज शक्यतो सोनोग्राफीखाली सुईने, लागल्यास पुन:पुन्हा, पू ओढून काढतात आणि पाजणे चालू ठेवतात.

दुसरी दुरुस्ती अगदी अलीकडची. ‘गरम पाण्याने शेका, गाठ जोराने चोळा, छाती पूर्ण रिकामी करा’ हे मी वीस-पंचवीस वर्षे शिकविले. परिचारिकांच्या वर्गांत फळ्यावर चित्रे काढून शिकविले. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने स्तनदाहाविषयी नवी मार्गदर्शिका काढली आणि त्यातील बरेचसे उलटे झाले. स्तनदाह म्हणजे बहुधा दुधाच्या नलिकांभोवतीची सूज. जोराने चोळल्यास ती वाढते, केशवाहिन्या फुटतात. बाळाच्या गरजेपलीकडे दूध काढत राहिले तर शरीर आणखी दूध तयार करते. आता मी सांगते : बाळ मागेल तसे पाजा, जास्तीचे पिळू नका, थंड पट्ट्या ठेवा, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉल घ्या, विश्रांती घ्या. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उतार नसेल, किंवा ताप व लाली वाढत असेल, तर स्टॅफिलोकोकसवर चालणारे, पाजताना घेता येणारे प्रतिजैविक दहा ते चौदा दिवस द्यावे. मार्गदर्शिका वाचून झाल्यावर मी फळ्यावर रेखाटलेल्या त्या चित्रांची आठवण होऊन बराच वेळ गप्प बसले होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची दाटण, बोंडशीला पडलेल्या चिरा यांचे मूळ पुष्कळदा बाळाच्या तोंडाच्या पकडीत असते. मलमाआधी पाजताना एकदा पाहावे. आत वळलेल्या बोंडशीसाठी आपल्या कर्नाटकातीलच दावणगेरे येथील डॉ. केसरी, डॉ. बनापूरमठ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली सिरिंजची साधी युक्ती प्रसिद्ध केली. सिरिंजचे सुईकडचे टोक कापून दट्ट्या त्या बाजूने घालायचा, गुळगुळीत कड बोंडशीवर टेकवायची आणि हलकेच ओढायचे. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट पुरते. दुखले की थांबायचे. चार रुपयांच्या या साधनाने कित्येक बाळे वरच्या दुधापासून वाचली आहेत.

पाजत असताना लागणारी मऊ, न दुखणारी गाठ बहुधा दुधाची गाठ, म्हणजे गॅलॅक्टोसील असते. तथापि ‘दुधाचीच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने थांबू नये. दोन आठवड्यांत न विरलेल्या गाठीची सोनोग्राफी पाजत असतानाही करता येते, आणि गरज पडल्यास बायोप्सीही. पुन्हा पुन्हा होणारे गळू, न भरणारी वाहती जखम यांत क्षयरोगाची तपासणी विसरू नये. आपल्या देशात हा प्रश्न अजून मागे पडलेला नाही.

२००१ सालची ती मुलगी पुढे अधूनमधून भेटत राहिली. अठराव्या वर्षानंतर प्लॅस्टिक शस्त्रक्रियेने स्तनाचा आकार करून घेता येईल, असे मी तिला सांगितले होते. तिने तो विचार केला आणि सोडून दिला. २०१४ साली ती स्वतःचे दहा दिवसांचे बाळ घेऊन आली. सासूबाई सोबत होत्या, त्यांच्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा होता. “एका बाजूचं पुरेल का?” एवढेच तिने विचारले. जुळ्या बाळांच्या आया एका बाळाला एकेका बाजूने वाढवितात, हे मी तिला सांगितले, डबा दुकानात परत करायला लावला आणि दर आठवड्याला वजनाला बोलाविले. जन्मतः बाळ दोन किलो आठशे ग्रॅमचे होते. पाच महिने पुरे झाले त्या दिवशी काटा पाच किलो नऊशेवर थांबला.